मामांची कार्बनची काठी

कोणत्या माणसाच्या हाताला कोणती काठी शोभेल, हे माझ्या सासऱ्यांइतकं अचूक सांगणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात. हे मामा कोरेगावजवळच्या एका खेड्यातले. चार एकर ऊस, दोन म्हशी, फौजेची पेन्शन आणि टोकाला पीळ दिलेल्या मिशा एवढी त्यांची इस्टेट. काठी म्हणजे म्हातारपणी टेकायची वस्तू, असा तुमचा-आमचा समज असतो. मामांच्या मते जगातली निम्मी कामं काठीनं होतात आणि त्यातली बहुतेक बिघडतात ती काठी चुकीची निवडल्यामुळं. कुदळीचा दांडा, बैलाचा चाबूक, छत्रीची मूठ, ताक घुसळायची रवी, सगळं त्यांच्या लेखी काठीच. गावात कुणाला खोऱ्याला नवा दांडा बसवायचा झाला की तो आधी मामांकडं यायचा. मामा त्याला अंगणात चार पावलं चालायला लावायचे, एक भाकरी मोडून दाखवायला सांगायचे आणि मग निकाल द्यायचे, "तुजा राग मनगटात हाय गड्या. तुला जाड दांडा नगं, हात सोलून घेशील." एवढ्यासाठी भाकरी वाया घालवल्याबद्दल सासूबाई त्यांना बोलायच्या. पण दांडा मात्र बरोबर बसायचा, हे त्यासुद्धा मान्य करत.

माझी स्वतःची परीक्षा याच पद्धतीनं झाली. मी माझ्या चुलत्यांबरोबर मुलगी बघायला गेलो होतो. वकिलीची सनद नुकतीच मिळालेली, त्यामुळं शिक्षण, घर, आई-वडील, सांगलीत बस्तान कसं बसवणार, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. मामांनी त्यातलं काहीएक विचारलं नाही. पोहे संपल्यावर ते उठले, कोपऱ्यातला एक सरळसोट वेळू उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "धरा जरा." मी धरला. मामा गुडघ्यावर हात ठेवून वाकले, एक डोळा मिटला आणि माझ्या कोपराकडं, मग मनगटाकडं, मग माझ्या तोंडाकडं बघत राहिले. हे काय चाललंय ते चुलत्यांना समजेना. ते हळूच चपलांकडं सरकले. शेवटी मामा सरळ झाले आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "पकड ढिली हाय, पर डोळा बरा हाय. चालंल." माझं लग्न या एका वाक्यावर ठरलं. माझ्या सनदेबद्दल त्यांनी त्यानंतरही कधी विचारलं नाही.

आमच्या घरातली एकही वस्तू सरळ नाही, हे मला लग्नानंतर कळलं. मामा सांगलीला आले की दारातच पिशवी ठेवून पडद्याच्या दांड्या तपासायचे. एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघायचं आणि "वाकडीय" म्हणून पुढच्या खिडकीकडं जायचं. मग मुलीच्या पेन्सिली टेबलावर लोळवून बघायच्या. नंतर उदबत्त्या. एकदा बायकोनं मंडईतून शेवग्याच्या शेंगा आणल्या, तर हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकेक शेंग लोळवून त्यांची प्रतवारी लावत बसलेले. ती वैतागून म्हणाली, "आबा, आमटीत घालायच्यात त्या. खेळायच्या नाहीत." मामांनी शांतपणे दोन शेंगा बाजूला काढल्या. "ह्या दोन राहू द्या. चांगल्या हायती." त्या दोन शेंगा पुढं पंधरा दिवस आमच्या कपाटावर वाळत पडल्या होत्या, कारण टाकायचा धीर कुणाला होईना. एकदा माझ्या ऑफिसात आले आणि समोर पक्षकार बसलेला असताना माझा आखायचा रूळ टेबलावरून लोळवला. रूळ थडथडत गेला आणि खाली पडला. "ह्यानं रेघ वडू नगा, वकीलसायेब," ते म्हणाले, आणि तो पक्षकार त्यानंतर पुन्हा आला नाही.

हे वेड कुठून आलं, ते सांगायला हवं. मामा फौजेत शिपाई म्हणून भरती झाले होते. पहिल्या दोन-तीन वर्षांतच पायाला मार बसला आणि त्यांना अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बिलियर्ड्सच्या खोलीत मार्कर म्हणून लावलं. तिथं त्यांनी बावीस वर्षं काढली आणि हवालदार होऊन बाहेर पडले. मार्करचं काम म्हणजे टेबलाच्या हिरव्या कापडावर ब्रश फिरवायचा, त्याला बेतानं इस्त्री करायची, काठीच्या टोकाला खडू लावून ती साहेबाच्या हातात द्यायची, मग हात मागं बांधून भिंतीशी उभं राहायचं आणि गुण मोठ्यानं पुकारायचे. बिलियर्ड्सच्या काठीला लोक क्यू म्हणतात. मामा तिला काठीच म्हणत. छावणीत नवा साहेब बदलून आला की मामा त्याचे दोन फटके बघायचे, तिसऱ्याला मांडणीवरनं वेगळी काठी काढून गुपचूप पुढं करायचे आणि साहेबाचा खेळ सुधारायचा. जोरात मारणाऱ्याला ताठ काठी, फिरकी देणाऱ्याला टोकाशी बारीक, उतावळ्याला जड, म्हणजे त्याचा हात आपोआप सावकाश होतो. साहेब बदलून जायचे, काठ्या तिथंच राहायच्या, आणि मामाही. स्वतः खेळायला मात्र बंदी होती. "नोकर मानसानं टेबलावर काठी टेकवायची न्हाई, असा नेम हुता," ते सांगायचे. फक्त सकाळी इस्त्री झाल्यावर कापड नीट बसलंय का हे बघायला दोन-चार फटके मारायची मुभा होती. बावीस वर्षं रोज सकाळी मामा कापड नीट बसलंय का ते बघत होते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. माझा मेहुणा तेव्हा मालवाहू बोटीवर नोकरीला होता. सिंगापूरला बोट लागली असताना त्यानं एका दुकानात क्यूचा पुढचा दांडा बघितला. लाकडाचा नाही, कार्बनचा. काळा कुळकुळीत, पावसाळ्यात फुगायचा नाही की उन्हाळ्यात वाकायचा नाही. बापासाठी घ्यावा असं त्याच्या मनात आलं. पण दुकानदारानं त्याला तीन प्रश्न विचारले. टोकाला जाड हवा की बारीक? ताठ हवा की लवणारा? आणि निमुळता होत जातो तो लवकर व्हायला हवा की अगदी शेवटी? पोराला यातलं काय कळणार! तेव्हा दुकानदार म्हणाला, वडील कसे खेळतात एवढं सांगा, बाकीचं मी बघतो. मेहुण्यानं गावी पत्र टाकलं. इकडचं तिकडचं सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ होती, "आबा, तुम्ही कसे खेळता ते कळवा."

हे पत्र सदऱ्याच्या खिशात घालून मामा सांगलीला आले. त्या दिवशी त्यांनी पडद्याच्या दांडीकडं बघितलंसुद्धा नाही. चहा निवून गेला. मुलगी शाळेला गेल्यावर त्यांनी पत्र काढून माझ्यापुढं धरलं आणि लाजल्यासारखं विचारलं, "जावईबापू, म्या खेळतो कसा?"

मला तेव्हा हसू आलं. जिल्ह्याला दांडे निवडून देणारा माणूस आणि स्वतःची काठी निवडता येईना! पण ते खरंच अडले होते. "दुसऱ्याचं मला दिसतं वो. माजं मला कसं दिसायचं? आन् म्या खेळलोय कवा?" असं म्हणून त्यांनी पत्राची पुन्हा घडी घातली. मी म्हटलं, चला क्लबात, मी बघतो आणि सांगतो. आमच्या सांगलीच्या क्लबात एक जुनं टेबल होतं, संस्थानी काळातलं. मी तिथला सभासद होतो, पुढच्या वर्षी कमिटीवर जायची माझी इच्छा होती, आणि बड्या पक्षकारांशी माझी ओळख व्हायची ती बहुतेक याच टेबलाभोवती. मामांना मी घेऊन गेलो. सेक्रेटरींशी ओळख करून देताना म्हणालो, "माझे सासरे, आर्मीतून रिटायर झालेत." पांढरा शर्ट, ताठ मान, त्या मिशा. सेक्रेटरींनी हात पुढं केला आणि म्हणाले, "या कॅप्टनसाहेब." मामा काही बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात मी त्यांना टेबलाकडं घेऊन गेलो. मी खोटं बोललो नाही. मी फक्त गप्प बसलो, आणि या दोहोंत फरक असतो असं वकील मंडळी स्वतःला सांगत असतात. पुढं सगळा क्लबच त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायला लागला. मामा मला दोनदा म्हणाले, "आवं, ह्यास्नी सांगा की, म्या हवालदार." मी म्हटलं, "सांगतो, सावकाश सांगतो."

चार दुपारी आम्ही क्लबात गेलो. चारही दुपारी मामा खेळले, पण मामा असे खेळलेच नाहीत. पहिला फटका मारून माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "ह्यो आमच्या ॲडज्युटंट सायबाचा फटका." दुसरा जरा तिरपा मारायचे आणि, "ह्यो डाक्टर सायबाचा." एक साहेब डावखुरा होता म्हणून त्याचा फटका यांनी डाव्या हातानं मारून दाखवला, आणि बसलासुद्धा! बावीस वर्षांतले सगळे साहेब त्या म्हाताऱ्याच्या दंडात राहायला आले होते. मी वहीत लिहून घेत होतो आणि काहीच हाती लागत नव्हतं. पाचव्या दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "मामा, आता कुणाचाच फटका मारू नका. कापड बसलंय का एवढंच बघा."

मग ते खेळले. मी पुष्कळांचा खेळ पाहिलाय, पण इतका हलका हात पाहिला नाही. चेंडूला ते मारतच नसत. त्याला जरा सरकायला सांगितल्यासारखं करत, आणि तो सांगितलेल्या जागी जाऊन थांबत असे. बिलियर्ड्सचे तिन्ही चेंडू एका घोंगडीच्या घडीएवढ्या जागेत ठेवून त्यांनी सलग किती गुण केले ते मी मोजायचं विसरलो. मी विचारलं, "मामा, एकदा जोरात मारा की." त्यांनी काठी खाली घेतली. "कापड फाटलं मंजी?" मग माझ्या ध्यानात आलं. मार्करच्या हातून कापडाला चीर गेली तर त्याला परत पलटणीत पाठवत, आणि त्या पायानं पलटणीत ते टिकले नसते. जोरात मारायचं नाही, काठीचं टोक कापडाला लागू द्यायचं नाही, आवाज होऊ द्यायचा नाही, कारण शेजारच्या खोलीत साहेब पेपर वाचतोय. बावीस वर्षांची भीती मुरत मुरत तिचा असा नाजूक खेळ झाला होता. मी वहीत लिहिलं: टोकाला बारीक, लवणारा, शेवटी निमुळता होणारा. मामांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "मंजी माजी बी एक रीत हाय म्हना की." पत्र मीच लिहिलं, पण पाकीट त्यांनी स्वतः जिभेनं ओलं करून चिकटवलं.

पाच महिन्यांनी दांडा आला. त्याला मागची लाकडी मूठ बसवायची म्हणून आम्ही मिरजेला एका तानपुरे करणाऱ्याकडं गेलो. लाकूड कळणारा माणूस मिरजेत नाही तर कुठं मिळणार? त्या कारागिरानं कार्बनवर नखानं टिचकी मारली, कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात सूर नाही हो." मामा म्हणाले, "सूर नगं मला. सरळ पायजे." दोघांचं त्यावर तासभर वाजलं. शेवटी त्यानं शिसवीची मूठ अशी काही बेतून दिली की मामांनी ती हातात घेतल्यावर डोळेच मिटले. त्यानंतर ती काठी जुन्या फेट्यात गुंडाळून मामांबरोबर सगळीकडं जायची. उसाला पाणी द्यायला जाताना बांधावर काठी. कोरेगावच्या बाजारात काठी. गावातल्या एकानं विचारलं, "बंदुकीची नळी हाय काय रं?" मामा म्हणाले, "तुला कळायची न्हाई. माज्या मापाची हाय." आयुष्यात त्यांच्या मापाचं बनवून घेतलेलं हे पहिलंच काहीतरी असावं. फौजेतले कपडेसुद्धा त्यांना नेहमी बाहीला आखूड व्हायचे, असं सासूबाई सांगायच्या.

आमच्या क्लबाचा आणि साताऱ्याच्या क्लबाचा वर्षातून एकदा मैत्रीचा सामना होई. प्रत्येकाचे चार खेळाडू. त्या वर्षी आमचे चौथे खेळाडू, मिरजेचे एक डॉक्टर, ऐनवेळी परगावी निघाले. सेक्रेटरी मला म्हणाले, "तुमच्या कॅप्टनसाहेबांना खेळवू या. त्यांच्यासारखा हात आपल्याकडं कुणाचाय?" मी गावी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी मामा पहिल्या एसटीनं हजर. नवी पांढरी पँट शिवून घेतलेली, मिशा कातरलेल्या, बूट तीन वेळा चमकवलेले. आल्या आल्या मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "मार्कर दुसराच असंल न्हवं? मंजी म्या फकस्त खेळायचं?" मी म्हटलं, "हो, क्लबाचा मार्कर आहे." त्यावर ते अगदी हळू म्हणाले, "माजा गुन दुसरा कुनी तरी वरडणार." हा माणूस दुसऱ्यांचे किती गुण ओरडला असेल, त्याचा हिशेब नाही. आता त्यांचे कुणीतरी पुकारणार होतं. रात्रीच्या जेवणात त्यांनी ही गोष्ट माझ्या बायकोला सांगितली, मुलीला सांगितली, आणि मला वाटतं कपाटावरच्या गणपतीलाही सांगितली असावी.

रविवारी अकराला साताऱ्याची मंडळी आली. त्यांच्यात एक रिटायर्ड कर्नल होते, ऐंशीच्या घरातले, मान किंचित हलत असलेले. खोलीत शिरताच ते थबकले. मामा टेबलापाशी फेटा सोडून काठी काढत होते. कर्नल दोन्ही हात पसरून पुढं झाले. "अरे! मार्कर! तू इथं?" आनंद अगदी खरा होता, हे मला नमूद करायलाच हवं. मामांच्या टाचा खट्कन जुळल्या. "जय हिंद, सर." कर्नलांनी त्यांचा खांदा दाबला आणि आमच्या सेक्रेटरींकडं वळून म्हणाले, "तुमचा मार्कर का हा? नशीबवान आहात हो! याच्यासारखा मार्कर मी सबंध नोकरीत पाहिला नाही." आणि बोलता बोलता, न बघता, त्यांनी स्वतःची काठी बाजूला धरली. मामांच्या हातानं ती घेतली. माझा शब्द नीट लक्षात घ्या. मामांनी नव्हे, त्यांच्या हातानं घेतली. दुसऱ्या हातानं खिशातला खडू काढून टोकाला लावलासुद्धा.

सेक्रेटरी माझ्याकडं बघायला लागले. मग बाकीचे. कॅप्टनसाहेब म्हणणारे सगळे. मामाही बघत होते. बोलायचं एकच वाक्य होतं. "हे माझे सासरे आहेत, आणि आज ते आमच्याकडून खेळणार आहेत." दुसऱ्यांची बाजू मांडून पोट भरणारा माणूस मी. कोर्टात याहून अवघड वाक्यं नालायक लोकांसाठी रोज बोलत होतो. मी म्हणालो, "हो. गुण आज तेच सांगतील. चौथा मी खेळतो."

का म्हणालो, याची कारणं मी पुढं खूप शोधली. कॅप्टनसाहेब हे खोटं उघडं पडलं असतं. कमिटी हुकली असती. पक्षकार हसले असते. कारणं भरपूर सापडली आणि त्यातलं एकही स्वतःची समजूत घालण्यापलीकडं कामाचं नाही. क्लबातल्या त्या मंडळींबद्दलही मी वर्षानुवर्षं मनात जहर धरलं, पण त्यांनी कुणी काही केलं नव्हतं. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं होतं.

कर्नलांचं लक्ष आता काळ्या काठीकडं गेलं. "ही काय नवीन चीज? कुणाची आहे?" मामा म्हणाले, "क्लबची हाय, सर. नवी आलीय." कर्नल म्हणाले, "बघू तरी," आणि आपली काठी सोडून तीच घेऊन माझ्याशी खेळायला उभे राहिले. ती काठी त्यांच्या हाताची नव्हती. ते पहिल्यापासून ठोकणारे, आणि ती लवणारी. पहिले तीन फटके वाया गेले. मला बरं वाटत होतं. चौथ्याला मामा भिंतीपासून अर्धं पाऊल पुढं आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, हलक्या हातानं." त्यांना राहवलंच नाही. काठी कुणाच्याही हातात असो, तिचा असा अपमान होताना त्यांना बघवेना. कर्नल हलक्या हातानं खेळायला लागले आणि मग मला टेबलापाशी यायचं कामच उरलं नाही. मामा हात मागं बांधून गुण पुकारत होते, त्या परेडच्या आवाजात, साहेबांचे आणि माझे. मी सत्तावीसवर पोचलो तेव्हा तो आकडा त्यांनी जरा जास्तच जोरात पुकारला. मी हरलो. जाताना कर्नलांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि "शाबास, मार्कर" म्हणाले. मामांनी काळी काठी पुसून क्लबाच्या मांडणीवर ठेवली.

घरी बायको दारातच उभी होती. "आबा, काय झालं? जिंकलात?" मामा बूट काढत म्हणाले, "सामना लय झ्याक झाला. जावईबापूंनी सत्तावीस मारले." तिनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. त्यांनी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. ती मी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. साताऱ्याची गाडी लागलेली होती, कंडक्टर यायचा होता. मामा खिडकीशी बसले आणि मी खाली उभा राहून म्हणालो, "मामा, माझं चुकलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग पलीकडच्या रसाच्या गाड्याकडं. "आवं, सायेब लय थकल्यात," ते म्हणाले. "मान हालती बगा. पर हात अजून बरा हाय." मी पुन्हा म्हणालो, चुकलं. ते म्हणाले, "उनात हुबं राहू नगा." मला त्या वेळी त्यांच्या तोंडची एखादी झणझणीत गावरान शिवी हवी होती. ती मी आयुष्यभर जपून ठेवली असती. त्यांनी ती दिली नाही. गाडी हलताना मात्र त्यांना काहीतरी आठवलं आणि खिडकीतून मान काढून ते ओरडले, "ती काठी क्लबातच राहू द्या! सायबाला म्या क्लबची हाय म्हनून बोललोय. माजा शबूद खोटा पडाय नगं!"

मामा त्यानंतर सहा वर्षं होते. सांगलीला येत, उसाचं बोलत, म्हशीचं बोलत, नातीचे निकाल बघत. बिलियर्ड्सचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही काढू शकलो नाही. काठी क्लबाच्या मांडणीवर आहे. कमिटीवर मी गेलो, आणि माझ्या कारकिर्दीत मी एवढं एकच काम केलं, की ती काठी कुणाला निकालात काढू दिली नाही. नवा सभासद आला की हमखास तिला हात घालतो, कारण ती दिसायला देखणी आहे. दोन फटके मारतो, चेंडू भलतीकडं जातात, आणि तो ती परत ठेवून विचारतो, "फारच लवते हो ही. कुणाची आहे?"

"क्लबाचीच आहे," मी सांगतो. "माझ्या सासऱ्यांनी दिलेली. ते फौजेत मार्कर होते." हल्ली कुणी विचारलं नाही तरी सांगतो. माणसं मान हलवतात आणि आपल्या खेळाला लागतात. त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. तेव्हाही कुणाला वाटलं नसतं.